वाळवंटातली बी : दूर जाण्यासाठी घडलेली की वेळ साधण्यासाठी?

वडोदऱ्यातल्या एक विज्ञानशिक्षिका कच्छमधील बन्नी हा गवताळ प्रदेश आणि खडीर बेट यांच्या परिसरातून काही सुकी फळे व बिया घेऊन आल्या आणि त्यांनी दोन प्रश्न विचारले आहेत. पहिला असा की, वाळवंटात झाडे विरळ, वारा मोकळा आणि चांगली जागा दुर्मिळ असताना बहुतेक बियांना दूर जाण्यासाठी पंख किंवा केस असायला हवेत. मग रुईच्या म्हाताऱ्या सोडल्या तर हाती आलेल्या बिया साध्या, काटेरी, कठीण किंवा पाण्यात बुळबुळीत होणाऱ्याच का निघाल्या? दुसरा प्रश्न असा की, गच्चीवरच्या कुंड्यांत काळी माती भरून, बिया वरवर पसरून रोज पाणी घातले असता गांडा बावळ (म्हणजे वेडी बाभूळ) आणि कडू इंद्रावण (कडू फळांचा जमिनीवर पसरणारा वेल) उगवले नाहीत, आणि बुळबुळीत बिया तर कुजून गेल्या. असे का झाले?

वडोदऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवताना आणि कोरड्या प्रदेशातल्या झाडांची रोपे तयार करताना या दोन्ही प्रश्नांशी माझा अनेक वर्षे संबंध आला आहे, आणि माझ्या मते त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. वडोदऱ्याला वर्षाकाठी साधारण 900 मि.मी. पाऊस पडतो, कच्छमध्ये 350 ते 400 मि.मी. आणि जैसलमेरला 200 मि.मी.पेक्षाही कमी. परंतु हे सरासरीचे आकडे फसवे आहेत, कारण कोरड्या प्रदेशात सरासरीइतका पाऊस पडलेले वर्षच क्वचित येते. एखाद्या वर्षी दोन सरींत सगळा हंगाम संपतो आणि एखाद्या वर्षी पूर येतो. अशा ठिकाणी बीपुढचा सर्वांत अवघड प्रश्न जागेचा नसतो, वेळेचा असतो. कोणत्या सरीवर विश्वास ठेवायचा, किती बियांनी उगवायचे आणि किती बियांनी मातीत पडून राहायचे, या निर्णयाची बरीचशी यंत्रणा बीच्या बाह्य रूपात असते, आणि आपण ते रूप पाहून त्यात प्रवासाची साधने शोधत बसतो.

या विषयावरचा जुना वाद येथे सांगितला पाहिजे. पॅलेस्टाईनच्या वनस्पतींचे अभ्यासक मायकेल झोहरी यांनी 1937 साली असे निरीक्षण मांडले की, तिथल्या वाळवंटी वनस्पतींपैकी पुष्कळांची रचना बी दूर जाऊ न देण्याची आहे. त्यामागचे कारण असे दिले जाई की, ज्या जागी आई वाढली, फुलली आणि फळली, ती जागा जगण्यालायक असल्याचा पुरावाच मिळालेला असतो, मग बीने अनोळखी जागी जावेच कशाला. 1981 साली स्टीफन एल्नर आणि अवी श्मिडा यांनी हे स्पष्टीकरण तपासून वेगळे मत मांडले. त्यांच्या म्हणण्यानुसार बीला आईजवळ ठेवणे हा मूळ हेतू नसतो. बीला मुंग्या-उंदरांपासून वाचवणे, पावसापर्यंत फळात बंद ठेवणे, मातीला चिकटवणे आणि अंकुरणाची वेळ साधणे, यासाठी जी रचना घडली तिचा आनुषंगिक परिणाम म्हणून बी जवळ राहते. शिवाय दूर जाण्याचा फायदाही वाळवंटात कमी असतो, कारण मोकळी जागा आईच्या पायाशीच असते आणि पाऊस चुकला तर शंभर पावलांवरही तो चुकलेलाच असतो. मला हे दुसरे मत अधिक पटते, मात्र काही वनस्पतींत पहिल्याचाही अंश आहे. त्यांपैकी एकीचा उल्लेख पुढे येईल.

वेळ साधणे म्हणजे नेमके काय, हे आकड्यांत मांडले की मुलांनाही चटकन समजते. डॅन कोहेन यांनी 1966 साली याचे गणित मांडले. मी ते वर्गात काल्पनिक आकडे घेऊन असे सांगतो. समजा, एका वर्षायू म्हणजे एकाच हंगामात वाढून मरणाऱ्या रोपाची उगवलेली प्रत्येक बी चांगल्या वर्षी 20 बिया देते आणि वाईट वर्षी एकही देत नाही. मातीत राहिलेल्या बिया मरत नाहीत असेही धरू. सगळ्या बिया दरवर्षी उगवल्या, तर पहिल्याच वाईट वर्षी वंश संपतो. निम्म्या उगवल्या, तर चांगल्या वर्षी बियांची संख्या 10.5 पट होते आणि वाईट वर्षी 0.5 पट उरते, म्हणजे अशा दोन वर्षांनंतर ती 5.25 पट झालेली असते. पाव हिस्साच उगवला, तर हेच आकडे 5.75 आणि 0.75 होतात व गुणाकार 4.31 येतो, म्हणजे चांगली आणि वाईट वर्षे आलटून पालटून येत असतील तर निम्म्या बिया उगवणे अधिक लाभाचे ठरते. पण तीन वर्षांत दोन वाईट निघाली, तर निम्म्या उगवणाऱ्या रोपाचा गुणाकार 2.63 येतो आणि पाव हिस्सा उगवणाऱ्याचा 3.23. पाऊस जितका बेभरवशाचा, तितका मातीत राखून ठेवायचा वाटा मोठा. एकाच सराट्याच्या काटेरी खंडात अनेक बिया असतात आणि त्या सगळ्या एकदम उगवत नाहीत, यामागचे कारणही हेच आहे.

आता आपल्या बुळबुळीत बियांकडे येऊ, कारण या विषयातला सर्वांत समृद्ध भाग तोच आहे. इसबगोल, हाळीव आणि सब्जा या तिन्ही बिया मराठी घरात परिचित आहेत, आणि पाणी लागताच त्यांच्याभोवती जो पारदर्शक थर फुगतो तो बीच्या बाहेरील पेशींत साठवलेल्या शर्करासाखळ्यांचा असतो. इसबगोलाच्या हजार बियांचे वजन दोन ग्रॅमपेक्षाही कमी भरते. इतकी हलकी आणि गुळगुळीत बी कोरड्या जमिनीवर वाऱ्याने सहज घरंगळते. पहिल्या सरीने किंवा भरपूर दवानेही तिचा थर ओला होतो आणि वाळताना ती मातीच्या कणांना खळीसारखी चिकटते. त्यानंतर ती वाऱ्याने हलत नाही, वाहत्या पाण्याबरोबर सहसा जात नाही, आणि कण चिकटून ती जड व ओळखू न येणारी झाल्यामुळे दाणे वेचणाऱ्या मुंग्यांनाही उचलून नेणे अवघड होते. पुढच्या सरीच्या वेळी तोच थर बी आणि माती यांच्यामधल्या फटी भरून काढतो, त्यामुळे पाणी बीपर्यंत सलग पोहोचते. रेताड जमिनीत बी आणि कणांचा स्पर्श मोजक्याच बिंदूंवर होत असतो, म्हणून हा सलग संपर्क अंकुरणाच्या पहिल्या काही तासांत निर्णायक ठरतो.

त्याच थराची दुसरी बाजू आपल्या कुंडीत दिसली. बी पाण्यात बुडालेली राहिली तर फुगलेला थर हवेची वाट अडवतो, प्राणवायू भ्रूणापर्यंत पुरेसा जात नाही आणि अंकुरण थांबते. वाळवंटात हे उपयोगाचे असते, कारण साचलेल्या डबक्यात उगवण्यापेक्षा पाणी ओसरेपर्यंत थांबणे हिताचे. काळ्या चिकट मातीच्या कुंडीत मात्र पाणी ओसरतच नाही, म्हणून तिथे थांबण्याचे रूपांतर कुजण्यात होते.

येथे एक सावधगिरीही नोंदवतो. तालीमखान्याच्या बियाही अशाच बुळबुळीत होतात, आणि तालीमखाना तर तळ्याकाठी, दलदलीत वाढतो. तेव्हा बुळबुळीत थर दिसला की ती वाळवंटी बी, असे उलट अनुमान काढता येत नाही. एकाच रचनेचा उपयोग परिस्थितीप्रमाणे बदलतो. म्हणून बी हातात घेतल्यावर ती कोणत्या जमिनीत पडते, कोणत्या महिन्यात पडते आणि तिला कोण खाते, हे विचारल्याशिवाय रूपाचा अर्थ लावू नये, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो आहे.

बुळबुळीतपणा आणि वेळ साधणे यांचा सर्वांत विलक्षण संयोग पाहायचा असेल, तर काष्ठौषधींच्या दुकानातून उटंगणाच्या बिया आणाव्यात. उटंगण ब्लेफारिस या प्रजातीतले, आणि याच प्रजातीतली ब्लेफारिस सिंडिका थरच्या वाळूत वाढते. उन्हाळ्यात ही झुडपे मरून वाळतात, पण त्यांची बोंडे बंदच राहतात आणि बिया त्या मृत सांगाड्यावर सुरक्षित असतात. थोड्याशा पावसाने बोंड उघडत नाही. पुरेसा वेळ भिजल्यावर आधी भोवतालची छदे म्हणजे पानांसारखी आवरणे बाजूला होतात, मग बोंडाच्या टोकाचा सांधा ओला होऊन सुटतो आणि आत साठलेल्या ताणामुळे ते फुटून बिया उडतात. म्हणजे ज्या पावसाने जमीन भिजली आहे, त्याच पावसात बी जमिनीवर येते. पुढची क्रिया एखाद्या बशीत पाण्याचे काही थेंब टाकून प्रत्यक्ष पाहता येईल : कोरड्या बीला घट्ट चिकटून बसलेले केस क्षणात ताठ उभे राहतात, त्यांवर बुळबुळीत थर येतो, आणि बी एका बाजूने उचलली जाऊन तिचे मूलांकुराचे, म्हणजे जिथून मूळ निघते ते, टोक जमिनीकडे झुकते. या वनस्पतीचे अंकुरणही काही तासांतच सुरू होते. पण हीच बी पाण्याच्या जाड थरात बुडवून ठेवली तर ती थांबते. पाऊस पुरेसा आहे का, आणि तो फार तर झाला नाही ना, हे दोन्ही तपासणारी अशी यंत्रणा आणि तीही एकाही जिवंत पानाशिवाय, मृत ऊतींच्या फुगण्या-आकसण्यावर चालणारी, मला आजही थक्क करते.

मृत ऊतींचे असेच काम गवतांच्या कुसळांत दिसते. कुसळी गवताच्या कुसळाचा खालचा भाग दोरीसारखा पिळलेला असतो. हवेत ओलावा आला की पीळ सुटतो, हवा कोरडी झाली की तो पुन्हा बसतो. दाण्याच्या टोकाला टोचणारी अणी आणि तिच्यावर मागे वळलेले ताठ केस असतात, त्यामुळे प्रत्येक हालचालीत दाणा पुढे सरकतो पण मागे येत नाही. दिवस आणि रात्र यांच्या आर्द्रतेतील फरकावरच दाणा मातीच्या भेगेत शिरतो. धोतराला किंवा मेंढीच्या लोकरीला कुसळ चिकटते तेव्हा आपण त्याला प्रवासाचे साधन म्हणतो, आणि तो उपयोगही खराच आहे. तरीही त्या रचनेचे अधिक महत्त्वाचे काम बीला जमिनीत पुरण्याचे आहे, असे मी मानतो. भुरट या गवताच्या काटेरी गोंड्याबाबतही हेच म्हणता येईल : जनावराच्या अंगावरून तो दूर जातो, आणि वाळूत पडल्यावर त्याच काट्यांनी तिथे अडकून बसतो.

आई ज्या जागी वाढली तिथेच राहण्याचे उदाहरण म्हणून न्युराडा प्रोकम्बेन्स ही थरमध्ये व पश्चिमेकडील वाळवंटांत आढळणारी जमिनीलगत पसरणारी वनस्पती घेता येईल. तिचे फळ चपट्या चकतीसारखे, खालून सपाट आणि वरून काटेरी असते. त्यात अनेक बिया असल्या तरी बहुधा एका वेळी एकच उगवते, मूळ चकतीतून खाली जाते आणि जुन्या फळाची चकती नव्या रोपाच्या बुंध्याभोवती तशीच राहते. जेरिकोचा गुलाब म्हणून प्रसिद्ध असलेली अनास्टाटिकाही याच गटातली. ती वाऱ्याबरोबर गडगडत जाऊन बिया पसरवते असे सर्रास लिहिले जाते, परंतु निसर्गात ती बहुधा मुळांनी जागेवरच रोवलेली असते. सुकून मुठीप्रमाणे मिटलेल्या तिच्या फांद्या पावसाने उघडतात आणि थेंबांच्या माऱ्याने थोड्या थोड्या बिया आसपासच उडतात.

खरोखर दूर जाणाऱ्या बिया वाळवंटात नाहीत असे मात्र समजू नये. रुई, खीप आणि झाऊ या झाडाझुडपांच्या बियांना रेशमी केस आहेत, रोहिड्याच्या बीला पातळ पारदर्शक पंख आहे, लाणा या झुडपाच्या फळावर पाकळ्यांसारखी पसरलेली पंखांची झालर आहे. यांतल्या बहुतेक बहुवर्षायू आहेत आणि त्यांना हवी असलेली जागा तुकड्यातुकड्यांत असते. झाऊला उघडा ओला गाळ लागतो, तो पूर ओसरल्यावर काही दिवसच मिळतो, आणि झाऊची बी काही आठवड्यांपेक्षा जास्त जगत नाही. तिच्यासाठी जागा शोधणे हाच जगण्याचा मार्ग आहे. लाण्याच्या बीमध्ये भ्रूण पिळाच्या आकारात गुंडाळलेला असतो आणि पाणी मिळताच तो उलगडत बाहेर पडतो, त्यामुळे तिला मातीत वर्षानुवर्षे थांबायची सोय नाही, पण मिळालेली सर वाया न घालवण्याची तयारी आहे. फोग या वाळूतल्या झुडपाचे ताठ केसांनी वेढलेले हलके फळ वाळूवरून घरंगळत जाते आणि झुडपाच्या किंवा उंचवट्याच्या आडोशाला अडकून वाळूत गाडले जाते. हवेतून येणारी बी शेवटी याच आडोशांना थांबते, म्हणून तिचा मुक्काम कुठे पडणार हे पंखाइतकेच जमिनीच्या उंचसखलपणावर अवलंबून असते.

पक्षी आणि जनावरे यांनी नेलेल्या बियांचे रूप वेगळे असते. पिलू या झाडाची गोड फळे कच्छमध्ये हिवाळ्यात येणारा हायपोकोलियस हा पक्षी आवडीने खातो, आणि तिथल्या छारी ढंढ या पाणथळ जागेजवळच्या पिलूंमुळेच पक्षिनिरीक्षक त्याला पाहायला तिथे जातात. पक्षी ज्या झाडावर बसतो त्याच्याखाली विष्ठेतून बी पडते, तिथे सावली आणि पालापाचोळा असतो, आणि म्हणूनच खिजड्याच्या म्हणजे शमीच्या सावलीत नेपती किंवा पिलू उगवलेले वारंवार दिसते.

गांड्या बावळाची कथा याच सूत्राची, पण माणसाच्या हस्तक्षेपाने बिघडलेली आहे. मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतला हा वृक्ष 1877 च्या सुमारास सिंधमध्ये आणला गेला आणि 1960 च्या दशकात रणाचा प्रसार रोखण्यासाठी बन्नीच्या कडेने लावला गेला. त्याच्या शेंगेचा गर गोड, शेंग न उकलणारी आणि आतली बी टणक कवचातली आहे. मालधाऱ्यांच्या म्हणजे तिथल्या पशुपालकांच्या म्हशी-गाई शेंगा खातात, बी जठरातून न मरता पुढे जाते, आणि शेणाच्या ओलसर ढिगात चराईच्या जमिनीवर पडते. बन्नीचे गवताळ रान या झाडाने व्यापले, त्याला वाऱ्याची मदत लागली नाही. खिजडा आणि देशी बाभळी यांच्या बियांनाही असेच पाणी न शिरू देणारे कवच असते. शेंगवर्गातल्या अशा काही बियांची नाभी (बी शेंगेला जोडलेली असते तिथली खूण) झडपेसारखी वागते : बाहेरची हवा कोरडी असेल तर ती उघडून आतली वाफ बाहेर सोडते, हवा दमट झाली की मिटते. त्यामुळे बी अधिकाधिक कोरडी होत जाते, आणि कवच घासले, तापले किंवा पचनमार्गातून झिजले तरच पाणी आत येते.

या विषयावरचे पुष्कळसे संशोधन इस्रायलमधील नेगेव आणि अमेरिकेतील ॲरिझोना, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत झाले आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. नेगेवमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो, थर आणि कच्छमध्ये तो ऐन उष्म्यात, जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. तिथल्या बीला थंड ओलावा ही खूण पुरते. आपल्याकडे पाऊस पडल्यावर चार दिवसांत वरची वाळू पुन्हा भाजू लागते, म्हणून मूळ किती वेगाने खाली जाते याला अधिक महत्त्व येते. रणाच्या कडेला आणखी एक अट असते, ती मिठाची : तिथल्या क्षारसहिष्णू झुडपांच्या बिया खारटपणात जिवंत राहून थांबतात आणि पावसाने मीठ विरळ झाल्यावर उगवतात.

आपल्या कुंड्यांसाठी आता नेमके सांगतो. काळी माती काढून टाकावी आणि मही नदीची धुतलेली वाळू तीन भाग व गोराडू म्हणजे रेताड पोयट्याची माती एक भाग असे मिश्रण खोल कुंडीत भरावे. कुंडी उथळ असेल तर खिजड्याचे मूळ लवकर तळाला टेकते. गांडा बावळ वडोदऱ्यात मुळीच लावू नये. त्याच्याऐवजी खिजडा किंवा देशी बाभूळ घेऊन बीच्या मूळ निघणाऱ्या टोकाविरुद्धच्या बाजूचे कवच काचकागदावर आतला फिकट भाग दिसेपर्यंत घासावे, किंवा उकळून उतरवलेल्या पाण्यात बिया टाकून रात्रभर तशाच ठेवाव्यात. कडू इंद्रावणाच्या बीचे अंकुरण उजेडाने रोखले जाते, म्हणून ती पृष्ठभागावर उगवली नाही. तिला दोन-तीन सेंटिमीटर खोल पुरावे आणि जमीन चांगली तापल्यावर, म्हणजे मे-जूनमध्ये पाणी द्यावे. पिलूचा गर पूर्णपणे धुऊन बी ताजी असतानाच पेरावी, कारण गरामुळे उगवण मंदावते आणि बी फार दिवस टिकत नाही. इसबगोल थंडीत आणि उटंगण पावसाळ्याच्या आरंभी वाळूवर नुसते ठेवावे, एकदा भरपूर पाणी देऊन ते पूर्ण निथळू द्यावे, आणि वरचा थर सुकेपर्यंत पुन्हा पाणी देऊ नये.

पहिल्या पाण्यानंतर ज्या बिया उगवणार नाहीत त्या उकरून फेकू नयेत. कुंडी पावसाळ्यानंतर पूर्ण कोरडी होऊ द्यावी, उन्हाळाभर उन्हातच ठेवावी आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा तितकेच पाणी द्यावे. मुलांकडून दोन्ही वर्षी उगवलेल्या रोपांची वेगवेगळी नोंद करून घेतल्यास कोणत्या जातीच्या बियांनी किती वाटा राखून ठेवला होता, हे वर्गातच दिसेल. इसबगोल ही लागवडीतली असल्याने तिच्या बिया बहुतेक एकदम उगवतील, कारण शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या एकदम उगवणाऱ्याच बिया पुढे नेल्या; रानातून आणलेल्या सराट्याशी तिची तुलना करण्यासाठी दोन्हींच्या कुंड्या शेजारी ठेवाव्यात.